काजऱ्याचं नाव घेणारी जुमाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार, ते मला विचारू नका. आपल्या पणजीच्या पणजीला दात यायचे होते आणि सावरपाण्याच्या खाडीत मोठाली गलबतं पार आतपर्यंत येत होती, इतकी फार.

आधीच एक सांगून टाकते. ह्या गोष्टीतलं झाड काजऱ्याचं आहे. काजरा. मोठ्यानं म्हणते आहे, कारण त्या काळी सावरपाण्यात हे नाव कुणी तोंडानं घेत नसे. आपण तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाही, लांबडं म्हणतो, तशातलीच ती रीत. विषाचं नाव घेतलं की विष घर विचारत येतं, असं लोक मानायचे. गावामागच्या घळीत देवीचं बन होतं आणि त्या बनात ते झाड होतं. लोक त्याला नुसतं 'वरचं' म्हणायचे. तेही हनुवटी डोंगराकडे करून, हळूच.

मग पोरांना कसं कळायचं? थपडेनं. पोर चालायला लागलं की आई त्याला घळीपर्यंत न्यायची, ते नारिंगासारखं फळ दाखवायची, आणि पोरानं हात पुढे केला की सणसणीत थोबाडीत ठेवून द्यायची. शब्द एक नाही. पोर जन्मभर त्या झाडाकडे फिरकत नसे. सावरपाण्यातल्या प्रत्येक गालावर त्या झाडापायी एकेक थप्पड बसलेली होती.

जुमाईच्या गालावर तेवढी बसली नव्हती.

जुमाई आपल्याकडची नव्हे. समुद्रापलीकडच्या हबशांच्या मुलखातली. एका गलबतानं तिला तापानं फणफणलेली, पोटुशी अशी खाडीच्या तोंडाशी वाळूवर उतरवली आणि ते निघून गेलं. मेली तर गलबतावर नको, एवढाच ते गलबत चालवणाऱ्या तांडेलाचा विचार. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. त्यातलं 'जुमा' तेवढं उरलं, आणि आपल्याकडे डोंगरोडोंगरी आया बसलेल्याच आहेत, म्हणून पुढे जुमाई झालं. पण ते खूप पुढे. जिवंतपणी गावानं तिला आई म्हटलं नाही. हबशीण म्हणायचे.

भिवरा नावाची एक विधवा कोळीण होती. तिनं तिला उचलून आपल्या झोपडीशेजारच्या जाळी ठेवायच्या खोपटात आणलं. तिथेच जुमाला मुलगी झाली. तिचं नाव तिनं नीमा ठेवलं. मुलगी आईसारखीच काळीभोर, तुकतुकीत, डोक्यावर केसांची बारीक बारीक वेटोळी. बोलायला मात्र पक्की सावरपाण्याची. थप्पड तेवढी तिलाही बसली नाही, कारण ती आईनं मारायची असते.

गावानं जुमाला राहू दिलं, पण कसं, ते ऐका. विहिरीच्या पायरीवर पाय नको, कुणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा भर. देवळाच्या पारावरून नको, खालून जा. होळीच्या फेराजवळ नको, आमच्या सावलीत उभी राहू नको, आमच्या वाटेनं नको, तुझी वाट खाजणातल्या चिखलातून. सुरुवातीला ती प्रत्येक वेळी विचारायची, "का?"

"नको म्हटलं ना!" हेच उत्तर.

मग तिनं विचारणं सोडलं. गावाचं नको ऐकायचं आणि कुणी बघत नसलं की आपल्याला हवं ते करायचं. विहिरीच्या पायरीवर ती टळटळीत दुपारी कितीदा तरी उतरली. पाणी आटलं नाही, किडलं नाही, कुणाला हगवण लागली नाही. हे सगळं नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नीमाला ती आपल्या मुलखातल्या गोष्टी सांगायची. पोरीला त्यातली एकच हवी असायची, तोंग्याची. तोंगा म्हणजे तिकडच्या रानातलं फळ. मोसंब्याएवढं, गोल, साल अशी टणक की दगडावर आपटून फोडावं लागतं. झाडावरून तोडायचं नाही, आपोआप गळायची वाट बघायची. कच्चं सापडलं तर वाळूत पुरून ठेवायचं, पिकलं की वाळूच्या वरपर्यंत वास येतो म्हणे. फोडलं की आत पिवळा, ओलसर गीर आणि त्यात चपट्या बिया. गीर चोखायचा, बिया थुंकायच्या. आंबटगोड. जुमाच्या गावातल्या बायका पहाटे टोपल्या घेऊन रानात जायच्या आणि माकडं कुठल्या झाडावर बसली आहेत ते आधी बघायच्या. माकड ज्या झाडाचं खातं ते माणसाला चालतं, हा त्यांचा नियम.

"आये, तोंगा बोराहून गोड?" नीमा विचारायची.

"बोर काय बोर! बोरात दाण्याएवढं खायला आणि दगडाएवढी बी."

"मग रामफळाहून?"

"रामफळ तुझ्या गावचं. तोंगा माझ्या गावचा. मी काय सांगणार?"

"म्हणजे गोडच," पोर म्हणायची.

असं म्हणतात की नीमा सात वर्षांची झाली त्या साली थंडीत खाडीकाठी ताप आला. पुष्कळांना आला, पुष्कळांचा उतरला. नीमाचाही उतरला, पण तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. पेज दिली तर थुंकायची. मासळीचं कालवण थुंकायची. गूळ जिभेवर ठेवला तरी म्हणायची, माती आहे. पोर वाळत चालली. मनगटातली काचेची बांगडी कोपरापर्यंत वर सरकायला लागली. भिवरानं देवीला नवस बोलून पाहिला, सुंठ उगाळून पाहिली, रागावून पाहिलं.

"जुमे, पोर हाताची जाईल गं," भिवरा म्हणाली. "काय मागेल ते दे तिला."

पोर काय मागणार? पोरीनं तोंगा मागितला.

जुमा रानात निघाली. तोंगा इथे मिळायचा नाही, हे तिला कळत होतं. पण घरात बसून पोरीची हाडं मोजण्यापेक्षा रान बरं, म्हणून ती चालत राहिली. देवीच्या बनाशी आली. बनात जायचं नको, हे तिला सांगितलेलं होतंच, पण तिला काय काय नको म्हणून सांगितलेलं नव्हतं? ती आत शिरली. घळीत वानरं बसली होती. एका झाडावर दाटीवाटीनं बसून गोल गोल फळं फोडून खात होती.

जुमानं वर पाहिलं. नारिंगी, गोल, मोसंब्याएवढी फळं. एक खाली पडलेलं होतं ते तिनं उचललं. साल टणक. दगडावर आपटलं, तर आत ओलसर गीर आणि चपट्या बिया. तशाच बिया. तिच्या गावच्या.

असं म्हणतात की ती त्या झाडाखाली गुडघ्यांवर बसली आणि तिच्या मुलखाच्या भाषेत झाडाशी बोलली. इतकी वर्षं तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. झाड तरी कुठे बोललं? पण तिला वाटलं, माझ्या गावचं कुणीतरी माझ्याआधीच इथे येऊन राहिलंय आणि मला कुणी सांगितलं नाही.

तिनं जिभेच्या टोकानं गीर चाटला. कडवट लागला. रंगही पिवळा नव्हता, पांढुरका होता. ती मनात म्हणाली, परकी माती आहे, पाणी निराळं आहे, फळानं तरी काय करावं. आणि वर वानरं खातच होती. वानर गीर चाटतं आणि बी टाकतं, हे तिला दिसत होतं. तिकडेही तसंच होतं. सगळंच तसं होतं. तिनं गळलेली फळं पदरात बांधली आणि उतरायला लागली.

वाटेत तिला केरोजी गावकर भेटला. गावचा मानकरी. पाण्याचा, पाराचा, होळीचा सगळा शब्द त्याचा. त्यानं तिचा फुगलेला पदर पाहिला आणि त्यातून डोकावणारा नारिंगी रंग पाहिला.

"काय आहे गं त्यात?"

"फळं."

"कुठली?"

तिनं डोंगराकडे पाहिलं. केरोजीचं तोंड उतरलं.

"टाक ती."

"का?"

"टाक म्हटलं तर टाकावं. नको ते."

"का पण?"

सांगायला किती वेळ लागला असता? तीन अक्षरांचं नाव. पण केरोजीच्या घरी नातू रांगत होता. नाव घेतलं आणि ते आपल्याच घराची वाट विचारत आलं तर? तो हनुवटीनं डोंगर दाखवत राहिला, "ते वरचं आहे, वरचं," एवढं पुटपुटला, आणि मान वळवून चालता झाला.

जुमाला वाटलं, देवीच्या बनातलं फळ हबशिणीनं घेतलं म्हणून ह्याचं पोट दुखतंय. गावानं तिला इतकी खोटी नको सांगितली होती, की त्यांतलं एकच खरं होतं ते तिला ओळखू आलं नाही. पदराची गाठ घट्ट करून ती घरी गेली.

नीमा उठून बसली. किती दिवसांनी आपण होऊन उठली! फळ दोन्ही हातांत धरून तिनं वास घेतला. "आये, तोंगा?"

"तोंगा."

कडू म्हणून तिनं थुंकायला हवं होतं. पण तिच्या तोंडाला चवच नव्हती. गूळ माती लागत होता तिथे विष काय वेगळं लागणार? तिनं गीर खाल्ला. बिया थुंक म्हणून आई सांगत होती, पण किती दिवसांची भुकेली पोर, तिनं त्याही दाढेखाली चिरडल्या. खाताना हसत होती. म्हणाली, "रामफळाहून गोड आहे." आईला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. किंवा खरंच लागलं असेल. ते आता कुणाला माहीत!

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगण्यासारखं ते नाही.

आधी तिच्या मानेत वांब आला, मान आखडली. मग अंग धनुष्यासारखं ताठ झालं, टाचा आणि डोकं तेवढं जमिनीला टेकलेलं. मग सुटलं. आईनं पोटाशी धरायला हात लावला, तर स्पर्शानं पुन्हा तसंच. हाक मारली, तर आवाजानं पुन्हा तसंच. त्या विषाची जातच ती. म्हणून जुमाला आपल्या पोरीला जवळ घेता येईना, तिला नावानं हाक मारता येईना. शेजारी श्वास रोखून ती नुसती बसून राहिली.

भिवरा बाजाराहून आली. दारातच तिला फुटक्या सालींचे तुकडे दिसले. डोक्यावरची टोपली तिनं आवाज न करता खाली ठेवली, जुमाच्या कानाशी वाकली आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव घेतलं.

"काजरा," ती कुजबुजली. "जुमे, हा काजरा गं."

जुमानं ते नाव ऐकलं ते असं. संध्याकाळच्या आत पोर गेली.

तिला खाडीच्या वाळूत पुरलं. मग गावकी बसली, सावरीच्या झाडाखाली. तोपर्यंत बोलणं गावभर झालं होतं की हबशीण चेटकीण आहे, तिनं पोटची पोर झाडाला दिली. हाकला तिला. जुमा येऊन उभी राहिली. खालच्या वाटेनं नव्हे, पारावरून चालत आली. त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.

"तुम्हांला नाव ठाऊक होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक होतं."

केरोजी म्हणाला, "मी तुला नको म्हटलं होतं. देवीशपथ, म्हटलं होतं."

"विहिरीलाही म्हटलं होतंस," जुमा म्हणाली. "त्या पाण्यानं कोण मेलं?"

ह्याचं उत्तर अजून कुणाला सुचलेलं नाही, मी पुष्कळांना विचारून पाहिलंय.

तिनं भिवराचा कोयता उचलला आणि ती घळीत गेली. लोकांना वाटलं, झाड तोडते. पण झाडापाशी जाऊन तिनं कोयता खाली ठेवला. झाडानं काय केलं होतं? ते आपल्या जागी उभं होतं. ती त्याला पाठ लावून बसली आणि ओरडली, "काजरा!"

खाली गावात बायांनी दारं लावून घेतली. पुरुषांनी कानांवर हात ठेवले. "काजरा! काजरा!" दिवस उगवला की सुरू, मावळला की बंद. आज कुणाच्या घरी विष येतं, उद्या कुणाच्या येतं, म्हणून गाव अन्न चाखून चाखून खाऊ लागलं. कुणाच्या घरी काही आलं नाही. भिवरा रोज वर जाऊन पेजेचं मडकं ठेवायची आणि रिकामं घेऊन यायची. कधी भरलेलंही यायचं.

असं म्हणतात की तिचा आवाज दिवसेंदिवस वाढतच गेला आणि अंग कमी होत गेलं. खाडीपलीकडच्या गावांना तो ऐकू जायचा. समुद्रातल्या गलबतांना जायचा, आणि तांडेल म्हणायचे, सावरपाणी आलं. घळीतली वानरं तिच्या खांद्यांवर येऊन बसायची. आणि असंही म्हणतात की ज्या गलबतानं तिला वाळूवर टाकलं होतं, ते पुन्हा त्या खाडीच्या तोंडाशी आलं तेव्हा तो आवाज शिडात शिरला आणि शीड उभं फाटलं. हे खरं नसलं तर व्हायला हवं होतं, असं माझं मत.

पावसाळ्याच्या आधी आवाज थांबला. भिवरा धापा टाकत वर गेली. झाडाखाली कोयता होता, मडकं होतं. जुमा नव्हती. झाडाच्या राखी सालीवर मात्र माणसाच्या पाठीएवढा भाग काळाभोर झाला होता, तुकतुकीत. तो आजही आहे.

गावाला सुटल्यासारखं झालं. नाव पुन्हा मुकं झालं. झालं गेलं विसरायला लोकांना काय लागतं!

पुढच्या माघात केरोजीच्या धाकट्या मुलाची बायको पोटुशी होती. ठकू तिचं नाव. घाटावरची मुलगी, काजरा कधी पाहिलेला नव्हता. तिकडे ज्वारीचं रान, काजरा कुठून असणार? थप्पड मारायला तिची आई इथे नव्हती, आणि परक्याच्या लेकीला सासरी थप्पड मारून शिकवायचं, तर तिला का मारलं ते सांगावं लागतं. केरोजीनं सांगितलं नाही. सासूनं सांगितलं नाही. शेजारणींनीही नाही. जुमाचं सगळं डोळ्यांपुढे घडलेलं असताना नाही!

ठकूला आंबटाचे डोहाळे लागले. लाकडं आणायला ती एकटीच घळीत गेली आणि तिला ते नारिंगी फळ दिसलं. तोंडाला पाणी सुटलं. तिनं हात लावला. फळ देठापासून सुटून हातात आलं, आणि झाडाच्या काळ्या सालीतून आवाज आला.

"काजरा!"

असा आवाज की लाकडांची मोळी आपोआप सुटून पडली. फळ ठकूच्या हातातून उडालं आणि दगडावर फुटलं. ठकू तशीच धावत निघाली ती थेट सावरीच्या झाडाखाली आली. तिथे चार माणसांत केरोजी बसला होता. सुनेनं सासऱ्यासमोर उभंही राहायचं नाही असा तो काळ. ठकूच्या डोक्यावरचा पदर मागे पडलेला, केस सुटलेले.

"मामंजी, त्या झाडाचं नाव काय?"

"घरात जा," केरोजी म्हणाला.

"नाव सांगा. मी ते फळ खाणार होते."

केरोजीनं तिच्या पोटाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, थंडीचे दिवस होते तरी. मग त्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात सुनेच्या पुढे जोडले आणि म्हणाला, "काजरा. पोरी, तो काजरा आहे. त्यानं माणूस मरतं. मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं."

आणि तो रडला. जुमा गेल्यावर तिच्यासाठी गावात रडलेला पहिला पुरुष तो. उशिरा रडला, पण रडला.

तेव्हापासूनची रीत आहे, ती आजही आहे. सावरपाण्यात नवी नवरी आली की आधी देवळात नेत नाहीत, आधी घळीत नेतात. बाकीच्या गावांत नवरी उंबऱ्यावर नवऱ्याचं नाव घेते, आमची नवरी पहिलं नाव काजऱ्याचं घेते. झाडावर हात ठेवायचा आणि खाडीपर्यंत जाईल असं ओरडायचं. शाळेत नवे गुरुजी आले, दवाखान्यात नवी नर्स आली, रस्त्याच्या कामावर परमुलखातली माणसं आली, की त्यांनाही वर नेतात. पोरांना थप्पड मारत नाहीत. फळ फोडून दाखवतात, बी दाखवतात, काय होतं ते सांगतात, आणि कोणाला झालं तेही सांगतात.

आणि मग त्या नव्या माणसानं विचारायचं असतं. गावानं त्याला जे जे नको म्हणून सांगितलं असेल, त्यातल्या कशालाही तिथे उभं राहून 'का' म्हणायचं, आणि गावातल्या सगळ्यांत वडील माणसानं उत्तर द्यायचं. उत्तर नसलं, तर ते नको त्या दिवसापासून रद्द. विहिरीची पायरी अशीच मोकळी झाली. पार असाच मोकळा झाला. सगळीच नको अजून संपलेली नाहीत. जी उरली आहेत ती मला माहीत आहेत, आणि ती राखणारेही माहीत आहेत.

माघात फळं नारिंगी झाली की बाया खाडीच्या वाळूवर जातात, जिथे नीमाला पुरलं तिथे. प्रत्येकीकडे एकेक रामफळ असतं, जरा कच्चंच. ती वाळूत पुरतात. पिकलं की वास वरपर्यंत येतो. मग पोरं उकरतात, कशाचं फळ ते मोठ्यानं सांगतात, आणि तिथेच बसून खातात.

एक रामफळ मात्र कुणी उकरत नाही, ते नीमाच्या वाट्याचं. ते कुठलं, ते पोरांनाही ठाऊक असतं. त्याचा वास येतो, दोन-चार दिवस येत राहतो, आणि मग आपोआप थांबतो.